लेथवर घडलेले आडनाव

भोसरी, सातपूर किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गल्ल्यांतून फेरी मारली, की एखाद्या वर्कशॉपच्या शटरवर हमखास एक पाटी दिसते : ‘टर्नर पाहिजे’. आत लेथ चालू असतो. चकमध्ये धरलेला जॉब गरगर फिरत असतो, टूल टेकले की निळसर, कुरळी चिप सुटून खालच्या ट्रेमध्ये पडते. आयटीआयला ‘टर्नर ट्रेड’ केलेली दोन-चार मुले महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात सापडतील. आपल्याकडे टर्नर हा असा हुद्दा आहे, पोटापाण्याचा कामधंदा आहे.

इंग्लंडमध्ये मात्र टर्नर हे आडनाव आहे. नुसते आडनाव नव्हे, तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. आणि या आडनावाच्या माणसांची यादी काढायला बसले, तर चित्रकार, बंडखोर गुलाम, गायिका, कीटकशास्त्रज्ञ, डॉक्टर, क्रिकेटपटू, अशी भलतीच माणसे एका रांगेत येऊन उभी राहतात. त्यांच्यातल्या कुणीही आयुष्यात लेथ चालवून पोट भरले नाही. बहुतेकांचे एकमेकांशी रक्ताचे नातेही नाही. काहींना तर हे आडनाव बापाकडून मिळालेच नाही. ते मालकाकडून, नवऱ्याकडून किंवा मृत्युपत्रातून आले. गोष्ट सांगायला हे आडनाव निवडावे ते यासाठीच.

सुरुवात मात्र लाकडापासून करावी लागते. चिनीमाती आणि स्टील स्वस्त होण्याआधी युरोपातला सामान्य माणूस लाकडी वाडग्यात जेवत असे. वाडगा, पेला, चमचा, खुर्चीचे पाय, चरख्याची चाती, सगळे लाकडी. वाडगा तासून करता येतो, पण तो गोल, पातळ आणि सारखा व्हायचा तर लाकूड फिरवायला हवे. त्यासाठी जुन्या इंग्लंडमध्ये एक साधे यंत्र होते. डोक्यावर एक लांब, लवचीक काठी. तिच्या टोकाला दोरी. दोरीचा एक वेढा लाकडाच्या ठोकळ्याला. आणि दोरीचे खालचे टोक पायाखालच्या फळीला. फळी दाबली की ठोकळा कारागिराकडे फिरतो, पाय उचलला की वरची काठी दोरी ओढून घेते आणि ठोकळा उलटा फिरतो. हत्यार लावायचे ते फक्त पाय दाबतानाच. दाबा, कापा, सोडा, थांबा, पुन्हा दाबा. हा ताल दिवसभर सांभाळणारा माणूस म्हणजे टर्नर. शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनला तो ग्रीकांनी दिला. मुळाशी अर्थ एकच : फिरत्या वस्तूला हत्याराने गोल आकार देणे.

यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा एक रस्ता आहे. नाव ऐकून तांबे आठवते, पण त्याचा तांब्याशी काही संबंध नाही. व्हायकिंग लोकांच्या बोलीतल्या ‘पेले करणारे’ या शब्दावरून ते नाव पडले. म्हणजे ही पेलेवाल्यांची आळी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे मोठे उत्खनन झाले, तेव्हा ओल्या मातीत हजार वर्षे टिकून राहिलेले लाकूड हाती लागले. त्यात वाडगे कोरताना मधून निघालेले, टाकून दिलेले लाकडाचे गाभेही होते. कारागीर गेले, नावे गेली, त्यांचा कचरा राहिला आणि रस्त्याचे नाव राहिले. लंडनमध्ये या धंद्याची संघटना इतकी बळकट होती, की १६०४ मध्ये राजाने तिला सनद दिली. हाय विकमच्या आसपासच्या बीचच्या रानात तर खुर्च्यांचे पाय घडवणारे कारागीर विसाव्या शतकापर्यंत याच काठी-दोरीच्या लेथवर काम करत होते.

आपल्याकडेही हा धंदा आहे आणि त्याला आपला शब्द आहे. लाकूड फिरवून घडवणारा तो कातारी. लाटणे, भोवरा, ताक घुसळायची रवी, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे नक्षीदार खांब या सगळ्या त्याच्या हातच्या वस्तू. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखेची रंगीत खेळणी अशाच फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरून रंगवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. गुजरातेत हाच कारागीर खरादी, आणि खरादी हे तिकडे आडनावही आहे. मराठीत ‘कातणे’ म्हणजे सूत काढणे आणि ‘कातणे’ म्हणजेच लाकूड फिरवून घडवणे, हे या शब्दाचे वैशिष्ट्य. चरख्यावर आणि लेथवर होणाऱ्या क्रियेत भाषेने फरक केला नाही. दोन्हीकडे काहीतरी फिरते आणि त्यातून वस्तू निघते.

इंग्रजांना पूर्वी आडनावेच नव्हती. गावात दोन जॉन असले की एकाला उंच जॉन म्हणायचे, दुसऱ्याला टेकडीवरचा जॉन. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या तीनेकशे वर्षांत कर, जमिनी आणि वारसा यांच्या नोंदी वाढल्या, आणि ही ओळख कागदावर पक्की होत गेली. ‘लेथवाला जॉन’ हा ‘जॉन टर्नर’ झाला. त्याच्या मुलाने पुढे मेंढ्या राखल्या तरी तो टर्नरच राहिला. आणि लेथवाले गावोगाव असल्यामुळे टर्नर घराणीही गावोगाव, स्वतंत्रपणे तयार झाली. आपल्याकडे सातारचे सुतार आणि सिंधुदुर्गातले सुतार यांनी एकमेकांचे भाऊबंद असायची गरज नसते, तसेच हे.

या आडनावाला जगाच्या नकाशावर नेणारा माणूस एका न्हाव्याचा मुलगा होता. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर १७७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात, मेडन लेन नावाच्या अरुंद गल्लीत जन्मला. बाप डेव्हनहून आलेला. केस कापायचा, टोप करायचा. पोरगा चित्रे काढतो म्हटल्यावर बापाने ती दुकानात टांगली आणि गिऱ्हाइकांना एक ते तीन शिलिंगांना विकली. पुढे मुलगा मोठा झाला तेव्हा हाच बाप त्याच्या स्टुडिओत कॅनव्हास ताणून द्यायला, चित्रांना वॉर्निश लावायला राबत होता. चौदाव्या वर्षी पोरगा रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला आणि सव्विसाव्या वर्षी अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला.

टर्नर काम कसे करायचा, हे एकदा एका मुलाने जवळून पाहिले. १८१८ साल. यॉर्कशरमधल्या फार्नली हॉल या वाड्यात टर्नर पाहुणा होता. न्याहारीच्या वेळी यजमान वॉल्टर फॉक्स यांनी त्याच्याकडे हट्ट धरला, की युद्धनौका केवढी असते याची कल्पना येईल असे एक चित्र काढून दे. टर्नर यजमानांच्या मुलाला घेऊन वर गेला. त्याने कागदावर ओला रंग ओतायला सुरुवात केली; कागद चिंब होईपर्यंत ओतला. मग तो कागद ओरबाडू लागला, खरवडू लागला, नखाने रेघा ओढू लागला. मुलाला वाटले सगळा चिखल झाला. पण हळूहळू त्या चिखलातून जहाज वर येऊ लागले : डोलकाठ्या, तोफांच्या खिडक्या, दोर, लाटा. जेवणाच्या वेळेपर्यंत चित्र पुरे झाले होते. जलरंगात काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून अंगावर काटा येईल. ओला कागद माफ करत नाही. तिथे नखाने प्रकाश काढायचा, तर हाताने आधी शेकडो कागद वाया घालवलेले असावे लागतात.

त्याचे सर्वांत लाडके चित्र १८३९ चे. ‘टेमेरेर’ ही ट्रफाल्गरच्या लढाईत झुंजलेली भव्य शिडाची युद्धनौका. निकामी झाल्यावर तिला १८३८ मध्ये टेम्स नदीतून रॉदरहाइथला भंगारात काढायला नेले. टर्नरने रंगवलेल्या चित्रात नौका फिकट, चांदीसारखी, जवळजवळ भुतासारखी आहे. तिला ओढणारी वाफेची बोट काळी, ठेंगणी आणि आग ओकणारी. आणि मागे सूर्य बुडतो आहे. शिडांचे युग संपून वाफेचे सुरू होते, ते एका चौकटीत मावले. हे चित्र त्याने कधी विकले नाही. २००५ मध्ये बीबीसी रेडिओने श्रोत्यांना ब्रिटनमधले सर्वश्रेष्ठ चित्र निवडायला सांगितले, तेव्हा लोकांनी याच चित्राला कौल दिला. २०२० पासून वीस पौंडांच्या नोटेवर टर्नर आहे आणि त्याच्यासोबत टेमेरेरही.

आणि या माणसाने शेवटची वर्षे काढली ती मात्र आडनाव लपवून. चेल्सीत नदीकाठच्या एका छोट्या घरात तो सोफिया बूथ या विधवेबरोबर राहत होता. शेजारीपाजारी त्याला तिचा नवरा समजून ‘अ‍ॅडमिरल बूथ’ म्हणत. दर्यावर्दी चेहऱ्याचा म्हातारा, निवृत्त आरमारी अधिकारी असावा असा त्यांचा समज. १९ डिसेंबर १८५१ रोजी तो याच घरात वारला. दफन झाले सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये, टर्नर म्हणूनच. त्याच्या पश्चात राष्ट्राला जे मिळाले त्यात सुमारे ३०० तैलचित्रे आणि कागदावरची हजारो रेखाटने, जलरंग होते.

त्याच्या नावाने १९८४ पासून ‘टर्नर प्राइझ’ हा ब्रिटनमधला समकालीन कलेचा सर्वांत चर्चेत राहणारा पुरस्कार दिला जातो. १९९१ मध्ये तो मिळाला अनिश कपूर यांना. त्यांचा जन्म १९५४ चा, मुंबईचा. रंगाच्या भुकटीचे ढीग आणि दगडातल्या गडद पोकळ्या यांतून काम करणाऱ्या या शिल्पकाराचा आणि त्या ओल्या कागदावर नख चालवणाऱ्या चित्रकाराचा ध्यास एकच वाटतो : रंग हा वस्तूवरचा लेप नाही, रंग हीच वस्तू.

टर्नरने १८४० मध्ये आणखी एक चित्र प्रदर्शनात ठेवले होते. रक्तासारखे लाल आकाश, उसळलेला समुद्र, आणि पाण्यातून वर आलेले हात, बेडी अडकलेला एक पाय. गुलामांच्या जहाजावरून आजारी आणि मरणासन्न माणसांना समुद्रात फेकून दिले जाते आहे. यामागे १७८१ ची ‘झाँग’ जहाजाची घटना असल्याचे मानतात. त्या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसे जिवंत समुद्रात लोटली गेली आणि नंतर मालकांनी ‘माल बुडाला’ म्हणून विम्याचे पैसे मागितले. हे चित्र काही काळ समीक्षक जॉन रस्किन यांच्या घरी होते. आज ते बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

या चित्राच्या नऊ वर्षे आधी, अमेरिकेत आणखी एक टर्नर फासावर गेला होता.

त्याचे नाव नॅट. जन्म १८०० चा, व्हर्जिनियाच्या साउदॅम्प्टन परगण्यातला. तो बेंजामिन टर्नर नावाच्या जमीनदाराच्या मळ्यावर जन्मला, म्हणून नॅट टर्नर. बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग द्यावा तसे ते आडनाव. बापाचे नव्हे, मालकाचे. पुढे मालक बदलत गेले, पण आडनाव चिकटून राहिले. नॅट लहानपणीच वाचायला शिकला, आणि त्या काळी गुलामाने वाचणे ही अपवादात्मक गोष्ट होती. बायबल त्याला तोंडपाठ होते. तो इतर गुलामांना प्रवचने देई, त्याला दृष्टान्त होत, आणि देवाने आपल्याला एका कामासाठी निवडले आहे अशी त्याची खात्री झाली होती.

२१ ऑगस्ट १८३१ च्या रात्री तो आणि त्याचे मोजके साथीदार कुऱ्हाडी घेऊन निघाले. मळ्यामळ्यावरून माणसे सामील होत गेली. दोन दिवसांत सुमारे ५५ गोरी माणसे मारली गेली. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. हे झाकून त्याची गोष्ट सांगता येणार नाही. आणि त्यानंतर जे झाले तेही झाकता येणार नाही : बंडाशी काडीचाही संबंध नसलेल्या कितीतरी काळ्या माणसांना गोऱ्या जमावांनी ठार केले. नॅट दोनेक महिने रानात, जमिनीत खणलेल्या बिळात लपून राहिला. ३० ऑक्टोबरला सापडला, ११ नोव्हेंबरला त्याला फाशी झाली. ज्या गावात फाशी दिली त्याचे तेव्हाचे नाव होते जेरुसलेम.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळात त्यानंतर गुलामगिरी बंद करावी का, यावर खरोखर चर्चा झाली. शेवटी उलटेच घडले. गुलामांना आणि स्वतंत्र काळ्यांनाही लिहायला-वाचायला शिकवण्यावर कायद्याने आणखी कडक बंदी आली. वाचणारा गुलाम काय करू शकतो, हे मालकांच्या लक्षात आले होते. नॅटचे म्हणून जपलेले छोटे, झिजलेले बायबल आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते तिथे दिले, ज्या गोऱ्या घरातली माणसे त्या बंडात मारली गेली त्यांच्याच वंशजांनी.

त्याच देशात, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर दोन वर्षांनी, १८६७ मध्ये सिनसिनाटी इथे चार्ल्स हेन्री टर्नर जन्मला. मराठी वाचकांच्या कानावर हे नाव फारसे आलेले नाही, आणि ते यायला हवे. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट त्याने १९०७ मध्ये मिळवली. तरीही काळा म्हणून त्याला कुठल्या मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली नाही. सेंट लुईमधल्या काळ्या मुलांच्या समनर हायस्कूलमध्ये तो १९०८ पासून शिकवत राहिला. प्रयोगशाळा नाही, मोठे ग्रंथालय नाही, हाताखाली विद्यार्थी-संशोधक नाहीत. दिवसभर शाळा, आणि उरलेल्या वेळात मुंग्या, मधमाश्या, कोळी, झुरळे. एवढ्यावर त्याने ७० हून अधिक शोधनिबंध लिहिले.

मधमाश्यांना रंग दिसतात का, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. टर्नर गेला शहरातल्या बागेत. त्याने रंगीत चकत्या तयार केल्या, एका रंगाच्या चकत्यांवर मध ठेवला, बाकीच्यांवर नाही. माश्या मधाच्या चकत्यांचा रंग ओळखू लागल्या. मग मध काढून घेतला, चकत्यांच्या जागा बदलल्या, वासाने फसगत होऊ नये म्हणून काळजी घेतली. तरी माश्या त्याच रंगाकडे जात राहिल्या. १९१० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. झुरळे चक्रव्यूहातली वाट शिकतात, हेही त्याने दाखवले. वारुळाकडे परतणारी मुंगी दाराजवळ आली की गोल गोल फिरत जागेचा अंदाज घेते, हे त्याचे निरीक्षण होते. एका फ्रेंच संशोधकाने त्या फेऱ्यांना ‘टर्नरची गिरकी’ असे नाव दिले. फिरवणाऱ्याचे आडनाव, शेवटी एका मुंगीच्या फेऱ्याला जाऊन बसले.

आडनाव मृत्युपत्रातूनही येते. इंग्रज कवी लॉर्ड टेनिसन यांचा सख्खा थोरला भाऊ चार्ल्स हाही कवी. त्याने ३०० हून अधिक सुनीते लिहिली. त्याचे आडनाव मात्र टेनिसन राहिले नाही. सॅम्युअल टर्नर नावाच्या नात्यातल्या आजोबांनी त्याला आपली इस्टेट दिली आणि १८३५ मध्ये चार्ल्सने त्यांचे आडनाव लावले. दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव बदलते, ही गोष्ट आपल्याला अजिबात परकी नाही. इथे पूर्ण दत्तक नव्हे, पण गाभा तोच : जमीन हवी तर नाव चालवा.

आणि ज्या टर्नरचा आवाज जगात सर्वांत जास्त लोकांनी ऐकला, तिच्या गळ्यात हे आडनाव तिच्या परवानगीशिवायच पडले. ॲना मे बुलक, जन्म २६ नोव्हेंबर १९३९, टेनेसीतल्या कापूस पिकवणाऱ्या नटबुश या खेड्याची मुलगी. सेंट लुईला आल्यावर ती आइक टर्नर या वादकाच्या ताफ्यात गाऊ लागली. १९६० मध्ये तिच्या आवाजातली पहिली मोठी रेकॉर्ड निघाली, तेव्हा आइकने परस्पर तिचे नाव ‘टीना टर्नर’ छापले. एवढेच नव्हे, ते नाव त्याने स्वतःच्या हक्कात नोंदवून ठेवले. हिशेब असा, की ही सोडून गेली तर दुसरी मुलगी आणून तिला टीना टर्नर म्हणून उभे करता येईल. म्हणजे बाई बदलली तरी पाटी तीच.

सोळा वर्षे ती त्याचा मार खात गात राहिली. जुलै १९७६ मध्ये डॅलसमध्ये, कार्यक्रमाच्या तोंडावर, रक्ताळलेल्या कपड्यांनिशी ती हॉटेलातून पळाली. खिशात ३६ सेंट होते. महामार्ग ओलांडून ती समोरच्या हॉटेलात शिरली आणि खोली मागितली. १९७८ मध्ये घटस्फोट पुरा झाला, तेव्हा तिने पैशांवरचा, गाण्यांच्या मानधनावरचा हक्क सोडून दिला. मागून घेतले ते मुख्यतः एकच : टीना टर्नर हे नाव. ते नाव कमावण्यात सोळा वर्षांचा घाम तिचा होता, आणि ते तिला पक्के ठाऊक होते. नंतरची काही वर्षे ती कर्ज फेडत लहानसहान ठिकाणी गायली. १९८४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ‘प्रायव्हेट डान्सर’ हा अल्बम आला आणि सगळे चित्र पालटले. जानेवारी १९८८ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये तिला ऐकायला सुमारे १,८०,००० माणसे जमली होती. २४ मे २०२३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये ती गेली, टीना टर्नर म्हणूनच. मालकाने दिलेले नाव नॅटला झटकता आले नाही. टीनाने नवऱ्याने दिलेले नाव कोर्टात उभे राहून स्वतःचे करून घेतले.

डॉक्टरांच्या तोंडी हे आडनाव वेगळ्याच अर्थाने येते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये सात स्त्री रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले : उंची खुंटलेली, वयात येण्याची लक्षणे नाहीत, मानेवर कातडीचा पडदा. कारण १९५९ मध्ये कळले. मुलींमध्ये दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असतात, यांच्यात एकच असते किंवा दुसरे अपुरे असते. सुमारे २,५०० मुलींमागे एकीला हा ‘टर्नर सिंड्रोम’ असतो. अशा मुलींची बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते, आणि वेळेवर निदान झाले तर उंचीसाठी, वयात येण्यासाठी उपचार मिळतात, हृदयाची तपासणी होते. वर्गातल्या इतर मुली वाढतात आणि आपली मुलगी मागे राहते, असे दिसले तर ‘घराण्यातच उंची कमी आहे’ म्हणून गप्प न बसता गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी.

क्रिकेटच्या जुन्या चाहत्यांना ग्लेन टर्नर आठवेल. ७ जून १९७५, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. लॉर्ड्सवर सुनील गावसकर ६० षटके खेळून नाबाद ३६ धावांवर परतले, त्याच दिवशी बर्मिंगहॅमला न्यूझीलंडच्या या सलामीवीराने पूर्व आफ्रिकेविरुद्ध नाबाद १७१ काढल्या. त्याची पत्नी सुखी टर्नर लुधियानाची. १९९५ ते २००४ अशी नऊ वर्षे ती न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहराची महापौर होती. आणि ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्कसमोर गेले, त्यांनी टेड टर्नर यांचे मीठ खाल्ले आहे. त्याआधी चोवीस तास बातम्या देणारी सीएनएन वाहिनीही त्यांनीच १९८० मध्ये अटलांटात सुरू केली होती.

या सगळ्यांपेक्षा मराठी माणसाच्या जवळ आलेले दोन टर्नर मात्र विद्वान होते.

एक व्हिक्टर टर्नर, जन्म १९२० चा, ग्लासगोचा. हे मानववंशशास्त्रज्ञ. आफ्रिकेतल्या न्डेम्बू लोकांचे विधी त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि मग तीर्थयात्रांकडे वळले. घर सोडून वाटेला लागलेली माणसे काही दिवसांसाठी आपला दर्जा, हुद्दा विसरून एकमेकांना बरोबरीने भेटतात, असा त्यांचा सिद्धान्त. तो मांडताना त्यांनी पंढरीच्या वारीचा आधार घेतला. त्यासाठी त्यांच्यासमोर होता फादर डेल्यूरी यांचा विठोबा संप्रदायावरचा ग्रंथ, आणि इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख. मराठीत ‘वाटचाल’ म्हणून लिहिलेला तो लेख १९६२ मध्ये इंग्रजीत गेला होता. इरावतीबाई स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या. वारीतले प्रेम त्यांनी लिहिले, तसेच एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी बसते याचा सलही लिहिला. टर्नरना हे दोन्ही महत्त्वाचे वाटले : वाट माणसांना जवळ आणते, पण जात वाटेवरही सोबत चालते. जगभरच्या विद्यापीठांत तीर्थयात्रा हा विषय शिकवताना आजही टर्नर वाचले जातात, आणि त्यांच्या पानांतून आळंदी-पंढरपूरची वाट तिथवर पोचते.

दुसरे सर राल्फ लिली टर्नर. जन्म लंडनचा, १८८८ चा. १९१३ मध्ये ते बनारसच्या क्वीन्स कॉलेजात शिकवायला आले, पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीत लढले, पुढे लंडनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि नेपाळी भाषेचा मोठा कोश त्यांनी १९३१ मध्ये पुरा केला. तरुणपणीच, १९१६ मध्ये, त्यांनी मराठीतल्या स्वराघातावर एक निबंध लिहिला होता. वैदिक काळच्या उच्चारातल्या आघाताच्या खुणा मराठी शब्दांच्या घडणीत सापडतात, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्यांचे आयुष्यभराचे काम म्हणजे भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश. तो १९६२ ते १९६६ या काळात छापून निघाला. एकेक जुना शब्द घ्यायचा आणि तो काश्मिरीत काय झाला, सिंधीत काय, बंगालीत, गुजरातीत, मराठीत, कोकणीत, सिंहलीत काय झाला, ते एकाखाली एक मांडायचे. पान उलटावे तिथे मराठी शब्द आपल्या सख्ख्या-चुलत भावंडांसह बसलेला दिसतो. आडनावाच्या टर्नरांमध्ये रक्ताचे नाते नाही. या शब्दांमध्ये ते आहे, आणि ते दाखवून दिले एका टर्नरने.

असा कोश वापरायचा तरी कसा? नोंदी जुन्या रूपांखाली. आजचा मराठी शब्द हाती असला तर तो नेमका कुठे शोधायचा? ती वाट करून दिली त्यांच्या पत्नी डोरोथी रिव्हर्स टर्नर यांनी. कोशातल्या प्रत्येक भाषेतला प्रत्येक शब्द वेचून, भाषावार लावून त्यांनी सूचीचा एक स्वतंत्र जाडजूड खंड तयार केला. तो १९६९ मध्ये निघाला. त्यात मराठीची लांबच लांब यादी आहे. कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येतो. कधी सवड काढून त्यात ‘कातणे’ शोधून पाहा.